हिरवा ठिपका दुधाबद्दल काहीच सांगत नाही. पाकिटावर स्पष्ट व्हीगन खूण हवी की नको?

अबोली (इंदूर)

पाकिटावर हिरवा ठिपका दिसला की आत मांस, मासे, अंडं नाही एवढं कळतं. दूध, तूप किंवा मध आहे का, ते कळत नाही. नियमच तसा आहे. अन्नसुरक्षेच्या नियमांत मांसाहारी पदार्थाची व्याख्या करताना दूध, दुधाचे पदार्थ, मध, मधमाशीचं मेण, कार्नोबा मेण आणि शेलॅक हे सगळं नाव घेऊन बाहेर ठेवलंय. त्यातलं कार्नोबा झाडाच्या पानांचं. शेलॅक म्हणजे लाख, ती कीटकांपासून मिळते. गोळ्या-चॉकलेटांना चकाकी आणायला ती वापरतात, आणि तरी त्या पाकिटावर हिरवाच ठिपका असतो.

आमची लेक व्हीगन आहे. दूध-दही-तूप-मध काही घेत नाही. घरी स्वयंपाक करताना मला अडचण येत नाही. पोहे, आमटी, भाकरी, उसळी, शेंगदाण्याचं कूट, नारळाचं दूध, आपल्या जेवणात कितीतरी गोष्टी मुळातच तशा आहेत. अडचण येते ती दुकानात. सियागंजला महिन्याचं सामान भरायला जाते तेव्हा एकेक पाकीट उलटं करून, चश्मा वर-खाली करत वाचावं लागतं. मागे मसाला शेवेचं पाकीट घेतलं. शेव म्हणजे बेसन, तेल, मीठ, तिखट, ओवा, लवंग. आपल्या माळव्यात शेवेत दूध कोण घालतं? मागे वाचलं तर बेसन, तेल, मसाले, माल्टोडेक्स्ट्रिन, मिल्क सॉलिड्स, आणि पुढे आयएनएस 330, 627, 631 (हे ॲडिटिव्हचे, म्हणजे वरून घातलेल्या द्रव्यांचे, सांकेतिक आकडे). हे सगळं तांदळाच्या दाण्याहून बारीक अक्षरात, तेही चमकदार लाल कागदावर पिवळ्या रंगात.

दुधाबद्दल तक्रार नाही, ज्याला हवं त्याने खावं. पण शेवेत दूध असेल तर ते पुढच्या बाजूला, डोळ्यांना दिसेल असं लिहिलेलं असावं, एवढी अपेक्षा फार आहे का?

2022 साली व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम आले, त्यांची वेगळी खूणही आहे. हिरव्या चौकटीत व्ही, त्याला पान, खाली व्हीगन असं लिहिलेलं. पण इथल्या किराण्याच्या दुकानात ती शोधूनही दिसत नाही. तुमचा अनुभव काय? आणि अशी खूण असावी असं तुम्हाला वाटतं का?

रामबागकर

ताई, विषय मांडलात ते चांगलं केलंत. मला मात्र तुमचं म्हणणं पटलेलं नाही, ते सरळ लिहितो.

हिरवा-तपकिरी ठिपका 2001 च्या सुमारास आला तेव्हा मी नोकरीत होतो. त्याआधी बिस्किटात अंडं आहे की नाही हे दुकानदाराच्या शब्दावर चालायचं. त्या ठिपक्याने करोडो लोकांची सोय झाली, कारण शाकाहारी लोक या देशात करोडोंनी आहेत. व्हीगन किती? आमच्या सबंध मोहल्ल्यात एखादं पोर निघेल. त्यांच्यासाठी प्रत्येक पाकिटावर आणखी एक खूण, आणखी एक तपासणी, आणखी एक फी. हा खर्च शेवटी पाव किलो शेव घेणाऱ्याच्या खिशातून जाणार.

दुसरं. आपल्याकडे दूध शाकाहारातच धरलंय, पिढ्यान्‌पिढ्या. पंचामृताशिवाय पूजा होत नाही. माळव्यातल्या गावागावांत लहान शेतकऱ्याच्या घरात रोजचा पैसा दुधाचा येतो, सोयाबीनचा वर्षातून एकदाच. दूध म्हणजे काहीतरी इशारा देऊन विकायची वस्तू, असा समज पसरला तर नुकसान त्या माणसाचं आहे. हे मला मनापासून वाटतं.

तिन्हीसांज

रामबागकर काका, तुमच्या पहिल्या मुद्द्याला माझं उत्तर आहे, आणि ते व्हीगन लोकांबद्दल नाहीच.

माझ्या मुलाला दुधाची ॲलर्जी आहे. दूध न पचणं वेगळं आणि ॲलर्जी वेगळी. न पचणाऱ्याचं पोट दुखतं, फुगतं. ॲलर्जीवाल्याच्या ओठांना सूज येते, अंगावर गांधी उठतात, श्वास अडकू शकतो. दुधातल्या प्रथिनांमुळे हे होतं, त्यामुळे चिमूटभर दूध पावडरही पुरते. आमच्या घरात पाकीट वाचल्याशिवाय कोणी फोडत नाही. आलेल्या पाहुण्यांनाही माहीत आहे.

म्हणजे दूध आहे की नाही हे जाणून घ्यायची गरज असणारे फक्त व्हीगन नाहीत. ॲलर्जीवाली मुलं आहेत, दूध न पचणारी मोठी माणसं आहेत. आणि मधाचं म्हणाल तर आपले जैन शेजारी बघा. इंदुरात जैन कुटुंबं किती आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको. ते मध खात नाहीत. हिरव्या ठिपक्यात मध चालतो म्हटल्यावर त्यांनी काय बघून घ्यायचं? आमच्या समोरच्या काकू आत्तापर्यंत ‘हिरवा ठिपका आहे ना, मग घे’ असंच म्हणायच्या. मी नियम दाखवला तेव्हा त्या कितीतरी वेळ पाकीट हातात धरून बसल्या होत्या.

एक गोष्ट मात्र अबोलीताई आणि इतर सगळ्यांनी लक्षात ठेवा. व्हीगन खूण म्हणजे ॲलर्जीवाल्याला हमी नव्हे. ज्या मशीनवर सकाळी दुधाचा माल निघाला त्याच मशीनवर दुपारी बिनदुधाचा निघू शकतो. व्हीगनच्या नियमात नको असलेली गोष्ट मिसळू नये म्हणून काळजी घ्यायला सांगितलंय, पण माझ्या मुलासाठी मी ‘दूध असू शकते’ ही ओळ वेगळी शोधतेच. ज्यांच्या घरी ॲलर्जी आहे त्यांनी व्ही बघून निश्चिंत होऊ नये.

निंबोणी

वाचतेय. तिन्हीसांज, ही ॲलर्जीची ओळ सक्तीची आहे का? काही पाकिटांवर दिसते, काहींवर नाही.

कान्हकाठ

मी खाद्यपदार्थ तपासणीच्या क्षेत्रात काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. लांब होईल, सांभाळून घ्या.

निंबोणी, ॲलर्जीची वस्तू घटकांतच असेल तर तिची नोंद सक्तीची आहे. 2020 च्या लेबलिंगच्या नियमांत दूध, अंडं, मासे, कवचधारी जलचर, शेंगदाणे आणि सुकामेवा, सोयाबीन, ग्लूटेन असलेली धान्यं आणि ठरावीक प्रमाणापुढचे सल्फाइट यांची नोंद वेगळी करावी लागते. म्हणजे दूध असेल तर कुठेतरी ते लिहिलेलं असतंच. पण ‘कुठेतरी’. ते पुढच्या बाजूला हवं असं बंधन नाही. पुढच्या बाजूला दिसतो तो ठिपकाच.

आता तिन्हीसांज यांनी काढलेली मधाची गोष्ट. मध या यादीत नाही. आणि नियमात एक सूट आहे जी फार कमी लोकांना माहीत असते. एखादा मिश्र घटक, म्हणजे जो स्वतःच चार वस्तूंचा बनलेला आहे, तो एकूण पदार्थाच्या 5 टक्क्यांहून कमी असेल तर त्याच्या पोटातले घटक फोडून लिहावे लागत नाहीत. ॲडिटिव्ह लिहावे लागतात, ॲलर्जीचे घटक लिहावे लागतात, बाकीचे नाही. म्हणजे एखाद्या सॉसमध्ये थोडा मध आहे आणि तो सॉस पदार्थात 3 टक्के आहे, तर तुम्ही सगळं पाकीट भिंगाखाली वाचलंत तरी मध सापडणार नाही. कंपनीने काही लपवलेलंही नसतं, नियम पाळूनच हे होतं. अबोलीताई, तुमच्या मागणीला खरा आधार इथे आहे. दूध शोधून काढता येतं. मध आणि त्यासारख्या गोष्टी सामान्य माणसाला शोधताच येत नाहीत. तिथे निर्मात्यानेच सांगितलं तर कळणार.

दुसरी सूट छोट्या पाकिटांना. ज्याचा पृष्ठभाग 100 चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही अशा पाकिटावर घटकांची यादी नसली तरी चालते, ती मोठ्या वेष्टनावर असावी लागते. पण पोरं दुकानात जाऊन दोन गोळ्या सुट्या घेतात, त्यांना मोठं वेष्टन कोण दाखवणार? लाखेची चकाकी नेमकी याच गोळ्यांवर असते.

आता आकड्यांबद्दल.

120 म्हणजे कार्माइन, कीटकांपासूनचा लाल रंग. हा वगळलेल्या यादीत नाही, त्यामुळे यावर तपकिरी खूण येते.
901 मधमाशीचं मेण, 904 शेलॅक. दोन्ही हिरव्यात चालतात.
471 स्निग्ध पदार्थांपासून करतात, तो वनस्पतीचाही असतो, प्राण्याचाही.
631 चवीसाठी. मासे-मांसापासून करता येतो, आणि साबूदाणा ज्यापासून होतो त्या कंदाच्या पिठापासून आंबवूनही करता येतो. अबोलीताईंच्या शेवेत आहे तो हा.
322 लेसिथिन, बहुधा सोयाबीनचं.

471 किंवा 631 प्राण्यापासून असेल तर त्या पाकिटावर तपकिरी खूण लावणं भाग आहे. हिरवा ठिपका असेल तर निर्मात्याचा दावा असा की तो वनस्पतीपासूनचा आहे. पण नुसता आकडा वाचणाऱ्याला ते समजत नाही. डिसेंबर 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर आदेश दिला. आपण काय खातो हे जाणून घ्यायचा प्रत्येकाला हक्क आहे, आणि घटक नुसत्या सांकेतिक आकड्याने न लिहिता तो वनस्पतीपासून आहे, प्राण्यापासून आहे की प्रयोगशाळेत बनवलाय हेही लिहिलं जावं, असं न्यायालयाने म्हटलं. त्यात 631 चा उल्लेख होता. आता आपल्या घरातली चार पाकिटं काढून बघा, आकड्यापुढे त्याचं मूळ किती जणांनी लिहिलंय ते.

निंबोणी

बघितली. एकावरही नाही. आणि साखरेचं काय? हाडांच्या कोळशातून गाळतात असं व्हॉट्सॲपवर येतं.

कान्हकाठ

ती पद्धत परदेशातल्या काही रिफायनऱ्यांची आहे. आपल्याकडच्या कारखान्यांत साखर बहुतेक गंधकाच्या धुराने आणि चुन्याने साफ करतात. साखरेची काळजी करू नका.

जीरावन

हा धागा आमच्या घरात मोठ्याने वाचला गेला, म्हणून लिहितोय. आमचा नमकीनचा छोटा कारखाना आहे. वडिलांनी दोन कढयांवर सुरू केला, आता पॅकिंगचं मशीन आहे.

साधी शेव, लवंग शेव, मोटी शेव, यांत दूध नसतं. बेसन, मोहन, मसाला, तेल. अबोलीताईंच्या पाकिटात दूध आलं ते शेवेच्या पिठातून नव्हे, वरून टाकायच्या सीझनिंगमधून. हे सीझनिंग आम्ही लहान लोक बनवत नाही, तयार पोती येतात. क्रीम अँड अनियन, चीज, पुदिना, पेरी पेरी, चटपटा. त्यात दूध पावडर नाहीतर व्हे (दुधाच्या निवळीची) पावडर असते, कारण तिने तिखटाची धार कमी होते आणि मसाला तळलेल्या मालाला चिकटून राहतो. पुरवठादार बरोबर एक कागद देतो, त्यात घटक असतात. तो कागद कोणी नीट वाचतो, कोणी फाईलला लावतो.

खर्चाबद्दल रामबागकर काका म्हणतात त्यात तथ्य आहे, पण खर्च नेमका कुठे आहे ते सांगतो. पाऊचचा रोल छापतात तेव्हा प्रत्येक रंगाचा एक सिलिंडर असतो. डिझाइन बदललं की सिलिंडर नवा. म्हणून छोटा माणूस पाकिटावरचं अक्षरही हलवायला तयार होत नाही. शिवाय जुने रोल पडून असतात, ते वाया जातात. पण मजकूर एकाच काळ्या रंगात ठेवला असेल तर फक्त काळ्याचा सिलिंडर बदलावा लागतो. पुढच्या बाजूला ‘दूध आहे’ हे दोन शब्द घालणं इतकं महाग नाही. वर्षा-दोन वर्षांत पाकीट तसंही बदलतंच, तेव्हा ते करता येतं.

व्हीगनची अधिकृत खूण लावणं मात्र वेगळं प्रकरण आहे. त्यासाठी एफएसएसएआयकडे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे, अर्ज करून मंजुरी घ्यावी लागते. कच्चा माल कुठून आला याचा माग ठेवावा लागतो. नुसते घटक नव्हे, प्रक्रियेत वापरलेलं कुठलंही सहाय्यक द्रव्यसुद्धा प्राणिजन्य नको. प्राण्यांवर चाचणी केलेली नको. मोठ्या कंपनीत यासाठी माणसं असतात. आमच्याकडे मी आणि माझी बहीण. म्हणून आमची साधी शेव पूर्ण व्हीगन असूनही तिच्यावर ती खूण नाही, आणि परवानगीशिवाय ती लावताही येत नाही. तुम्हाला दुकानात व्ही दिसत नाही त्याचं कारण हेही आहे. खूण नाही म्हणजे पदार्थ व्हीगन नाही असं समजू नका.

रामबागकर

जीरावन भाऊ, कारखान्याच्या आतली बाजू तुम्ही सांगितली ते फार बरं झालं. कान्हकाठ यांचा 5 टक्क्यांचा मुद्दा मला ठाऊक नव्हता, तो गंभीर आहे. सुनेला आत्ताच दाखवला.

तरी दुधाच्या शेतकऱ्याचा माझा प्रश्न राहिलाच.

अबोली (इंदूर)

काका, त्याचं उत्तर मी देते. ‘दूध आहे’ हे लिहिणं म्हणजे इशारा असं तुम्ही का धरता? ‘शुद्ध तुपातली’ असं जिलेबीवाला अभिमानाने पाटीवर लिहितोच की. दूध चांगलं म्हणून विकायचं असेल तर ते समोर लिहिलेलं शेतकऱ्याच्या फायद्याचंच आहे. तुपाच्या जागी वनस्पती तूप, पनीरच्या जागी पाम तेलाचा गोळा, खव्याच्या जागी भेसळ, याने शेतकऱ्याचं नुकसान होतं. काय घातलंय ते उघड लिहा म्हटलं तर दूधवाल्याचं आणि माझ्या लेकीचं हित एकाच बाजूला येतं.

नॉन-डेअरी क्रीमर वाचा कधी. नॉन-डेअरी असं पुढे लिहिलेलं, आणि मागे कितीतरी वेळा सोडियम केसिनेट असतं. ते दुधाचंच प्रथिन आहे. म्हणजे दूध म्हणून घेणाऱ्याला दूध मिळत नाही, दूध नको म्हणून घेणाऱ्याच्या पोटात ते जातं.

जीरावन भाऊंचं म्हणणं ऐकून माझी मागणी जरा बदलते. सगळ्यांनी व्ही लावावा असं मी म्हणणार नाही. मिठाच्या आणि तूरडाळीच्या पाकिटावर व्ही कशाला? दूध, तूप, मध, मेण, लाख यातलं काही असेल तर ठिपक्याच्या शेजारी, त्याच आकारात, शब्दांत लिहायचं. आकड्याचं मूळ लिहायचं. आणि 5 टक्क्यांच्या सुटीतून प्राणिजन्य घटक बाहेर काढायचे, मग तो कितीही कमी असो. ज्याला अधिकृत व्हीगन खूण लावायची त्याने ती जरूर लावावी, पण न लावणाऱ्याचंही पाकीट वाचून मला निर्णय घेता आला पाहिजे.

तिन्हीसांज

पूर्ण अनुमोदन. ‘शब्दांत लिहायचं’ हे सगळ्यात महत्त्वाचं. खुणा किती लक्षात ठेवायच्या? तपकिरी ठिपक्याचा आता त्रिकोण झाला, तोही रंग न ओळखता येणाऱ्या लोकांच्या सोयीसाठी. चांगलाच बदल आहे तो. पण आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशी अजून त्रिकोण बघून विचारतात हे काय नवीन. ‘दूध आहे’ हे कोणीही वाचेल.

लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत असलं तरी नियमाने चालतं. बहुतेक सगळं इंग्रजीत असतं. मिल्क सॉलिड्स, व्हे, केसिन, लॅक्टोज, बटरमिल्क पावडर. माझ्या आईला यातलं मिल्क सोडून काही ओळखता येणार नाही, आणि नातवाला खाऊ तीच देते.

निंबोणी

पाकिटांचं बोलणं झालं, आता आपल्या इंदूरचं बोलू. आपण निम्मं खाणं पाकिटातलं खातच नाही. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात, छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत, कोपऱ्यावरच्या पोहेवाल्याकडे खातो. तिथे ना ठिपका, ना यादी.

माझा भाचा बंगलोरहून आला होता, व्हीगन आहे. त्याला रात्री सराफ्यात नेलं. मला वाटलं काय खाणार हा. प्रत्येक ठिकाणी विचारत गेलो. गराडू, म्हणजे कंदाचे तुकडे, तेलात तळलेले, वर जीरावन मसाला आणि लिंबू, चाललं. खोपरा पॅटिस आतून नारळ, बाहेरून बटाटा, तेलात, चाललं. साबूदाणा खिचडी विचारून घेतली, चालली. भुट्ट्याचा कीस नाही, तो दूध घालूनच शिजवतात. आणि शिकंजी! बाहेरच्या माणसाला शिकंजी म्हणजे लिंबाचं सरबत वाटतं. आपली इंदुरी शिकंजी दुधाची, दाट, केशर-सुकामेव्याची. भाच्याने हात पुढे केला तेव्हा मीच थांबवलं. मी बरोबर नसते तर त्याने लिंबू सरबत समजून प्यायलं असतं. तिन्हीसांजच्या मुलासारखं कोणी असतं तर?

जिलेबीचंही तसंच. कोणी तुपात तळतो, कोणी नाही. पिठात कोणी दही घालतो. पोहे तेलातले असतात, पण वर जी शेव पडते ती कोणती, हे आता जीरावन भाऊंमुळे मीही विचारणार.

सांगणारे मात्र छान सांगतात. गराडूवाल्या दादांनी कढईतलं तेल, डबा, सगळं दाखवलं. विचारल्याचा राग कोणालाच आला नाही.

कान्हकाठ

निंबोणी, सुट्या मिठाईवर एक उदाहरण आपल्या समोर आहे. ऑक्टोबर 2020 पासून मिठाईच्या दुकानात सुट्या मिठाईच्या ट्रेसमोर ती कधीपर्यंत खायची ती तारीख लिहावी लागते. सुरुवातीला दुकानदार म्हणाले जमणार नाही. छोटी पाटी लावायची, एवढंच होतं. तिच्यावर ‘खवा, तूप’ असे दोन शब्द आणखी लिहायला काय हरकत आहे? दहा किंवा जास्त शाखा असलेल्या हॉटेलांना मेनूवर ॲलर्जीची माहिती देणं भाग आहेच. छोट्यांना सक्ती नको, पण सवय लावता येईल.

काजूकतलीवरच्या चांदीच्या वर्खाचाही विचार करा. काजू, साखर आणि वर्ख, दूध नाही असं समजून अनेक जण ती घेतात. वर्ख पूर्वी जनावरांच्या आतड्याच्या पडद्यात ठेवून कुटत. 2016 मध्ये नियम आला की वर्ख बनवताना कुठल्याही टप्प्यावर प्राणिजन्य वस्तू वापरायची नाही. आता मशीनवरचा वर्ख मिळतो. दुकानदाराला विचारा, चांगला दुकानदार सांगतो.

रामबागकर

आपल्या शहराने 2017 पासून स्वच्छतेत जे करून दाखवलं ते आधी कोणाला खरं वाटलं नव्हतं. ओला कचरा-सुका कचरा वेगळा करायला आमच्या गल्लीतले लोक सुरुवातीला भांडायला उठले होते. आता घंटागाडी आली की पोरंसुद्धा दोन डबे घेऊन पळतात. तेव्हा पाटीचं काम होणार नाही असं मी म्हणणार नाही.

कान्हकाठ, वर्खाचं वाचून मन खराब झालं. इतकी वर्षं देवाला नैवेद्य दाखवत आलो.

एक सुचवतो. दरवर्षी गणपतीत आपल्या वस्तीत आनंदमेळावा होतो, पंचवीस-तीस स्टॉल असतात, सगळे घरगुती. तिथे प्रत्येक पदार्थासमोर एक कार्ड ठेवायचं. पदार्थाचं नाव, आणि खाली दूध, तूप, मध, शेंगदाणे, गहू यातलं काय आहे. स्टॉलवाल्या बायकांना आपल्या पदार्थात काय घातलंय हे पाठ असतं, त्यांना अवघड नाही.

तिन्हीसांज

काका, हे झालं तर माझा मुलगा पहिल्यांदा आनंदमेळाव्यात स्वतः जाऊन काहीतरी विकत घेईल. आत्तापर्यंत तो फक्त खेळांच्या बाजूला जातो.

कार्डावर ‘नाही’ लिहू नका, ‘आहे’ तेवढंच लिहा. ‘दूध नाही’ लिहिलं आणि त्याच चमच्याने बासुंदी वाढली तर ती हमी खोटी ठरते. आणि चमचे, झारे वेगळे ठेवायला सांगा.

जीरावन

माझ्याकडून दोन गोष्टी. सीझनिंगवाल्याला काल फोन करून सगळ्या पोत्यांची घटकयादी मागवली. क्रीम अँड अनियनमध्ये व्हे पावडर आहे, चटपट्यात दूध पावडर आहे, तिखट लसूणमध्ये दूध नाही. 631 कशापासून आहे ते त्याने लेखी द्यायचं कबूल केलं, कागद हातात आला की इथे लिहीन. तोपर्यंत चटपटा कोणी दूध नसलेला समजून घेऊ नका, मग तो आमचा असो की दुसऱ्या कोणाचा.

आणि पुढच्या छपाईत ठिपक्याच्या शेजारी ‘दूध आहे’ हे काळ्या अक्षरात येईल. बहिणीने डिझाइनवाल्याला सांगून टाकलंय. अक्षराचा आकार ठिपक्याएवढा.

अबोली (इंदूर)

जीरावन भाऊ, तुमच्या बहिणीला माझा नमस्कार सांगा. लेकीला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, ती तिखट लसूण कुठे मिळते विचारतेय.

ज्यांना कुठल्या पाकिटावर चुकीची खूण दिसेल त्यांनी एफएसएसएआयच्या फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवर फोटोसकट तक्रार टाका. फोटोत बॅच नंबर आणि घटकांची यादी दोन्ही दिसू द्या.

आनंदमेळाव्याच्या कार्डांचा मजकूर मी मराठी आणि हिंदी दोन्हींत करते. तिन्हीसांज, तुम्ही एकदा ॲलर्जीच्या दृष्टीने तपासून द्याल का? निंबोणी, स्टॉलवाल्यांची यादी तुमच्याकडे असते ना, ती मला पाठवा.

निंबोणी

पाठवते. चिक्कीवाल्या काकूंचं विचारून घ्यावं लागेल, गूळ-शेंगदाणेच असतात पण ताटाला तूप लावतात की तेल, ते मला माहीत नाही.

रामबागकर

त्या आमच्याच गल्लीत राहतात, संध्याकाळी विचारून कळवतो. कार्डं छापायचं माझ्याकडे लागलं. जाड कागद, मोठं अक्षर, काळी शाई.